५० मीटर प्रोन: लॉट टेस्टिंग नीट कसं करायचं? उभा पसारा काही जात नाही

रंकाळा_प्रोन
नमस्कार मंडळी. प्रोन, म्हणजे पोटावर झोपून मारतो. रायफल अँशुट्झ १९१३, बॅरल जुनी पण क्राउन (तोंडाची कड) स्वच्छ. हाताशी .२२ चे सहा लॉट (एकत्र तयार झालेल्या गोळ्यांच्या खेपा) आहेत: एली टेनेक्सचे तीन, आरडब्ल्यूएस आर५० चे दोन आणि लापुआ सेंटर-एक्सचा एक. प्रत्येकी दोन-तीन डबे. सँडबॅगवरून ५-५ शॉटचे ग्रुप घेतले, तर एकच लॉट एकदा ९ मिमी देतो आणि तासाभराने १७. कुठल्याही लॉटला आडव्यापेक्षा उभा पसारा जास्त.

प्रश्न असे. एका लॉटचे किती शॉट घेतले म्हणजे निर्णय देता येईल? वजन करून किंवा रिमची (काडतुसाच्या मागच्या कडेची) जाडी मोजून गोळ्या निवडण्यात अर्थ आहे का? आणि ३०० मीटरवाले परदेशात स्वतःच्या गोळ्या स्वतः भरतात, तसं काही आपल्याला जमण्यासारखं आहे का?

बालेवाडी_लेन_१२
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो एका ओळीत संपतो. नाही. .२२ ही रिमफायर. दारू पेटवणारं प्रायमरचं मिश्रण केसच्या (पितळी कवचाच्या) कडेच्या आत फिरवून बसवलेलं असतं, पिन त्या कडेवर आपटते आणि कड चेपते. एकदा उडालेली केस पुन्हा भरण्याजोगी राहतच नाही. ३०० मीटरवाले भरतात ती सेंटरफायर काडतुसं, प्रायमर मधोमध वेगळा बसवलेली. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही आणि तुमचा शस्त्र परवाना म्हणजे तो परवाना नव्हे. हाताने भरणाऱ्याला दारूचं माप आणि गोळीची खोली बदलता येते. आपल्या हातात फक्त निवड आहे: कुठला लॉट, कुठल्या बॅरलला.

आता ९ आणि १७. यात नवल काहीच नाही. ५ शॉटच्या ग्रुपमध्ये सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर मोजलं की तो आकडा निव्वळ नशिबानेच सरासरीच्या २५-२७ टक्के इकडेतिकडे होतो. सरासरी १२-१३ असलेला लॉट एखाद्या वेळी ९ देणार, एखाद्या वेळी १७ देणार. त्या दोन आकड्यांवरून लॉटही कळत नाही आणि रायफलही. १० शॉटच्या ग्रुपला हेच हेलकावे २० टक्क्यांच्या आसपास येतात. असे चार ग्रुप घेऊन सरासरी काढली तर १० टक्के.

माझ्या मते डबाच असा वापरा. ५० गोळ्या. पहिल्या ५ बॅरल बसवायला, त्या मोजायच्या नाहीत. मग १०-१० चे दोन ग्रुप. मग दुसरा लॉट, तिसरा लॉट, आणि शेवटाकडून उलट्या क्रमाने परत यायचं: क ख ग, ग ख क. परतीच्या फेरीत पुन्हा ५ बसवायला आणि १०-१० चे दोन. डबा बरोबर संपतो आणि प्रत्येक लॉटचे ४० शॉट होतात. उलटा क्रम यासाठी की सकाळ सरता सरता ऊन चढतं, वारा उठतो, तुम्ही दमता. सरळ क्रमात सगळा त्रास शेवटच्या लॉटच्या माथी येतो.

हे फक्त एकाच कंपनीच्या लॉटना चालतं. कंपनी बदलली की गोळीवरचं मेण बदलतं, बॅरलमध्ये आधीचं मेण बसलेलं असतं. ५ शॉटमध्ये ते निघत नाही. १५-२० तरी जाऊ द्या. म्हणून टेनेक्सचे तीन एका दिवशी, आर५० चे दोन दुसऱ्या दिवशी आणि सेंटर-एक्स वेगळा. एकाच सकाळी सहाही लॉट आलटून-पालटून मारले की कोष्टक छान दिसतं आणि कळत काही नाही.

मोजताना ग्रुपची रुंदी सोडा. ती दहापैकी दोनच छिद्रांवर ठरते, बाकीचे आठ शॉट तुम्ही फुकट घालवता. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉटचे एक्स आणि वाय उतरवून घ्या. दहांची सरासरी काढली की ग्रुपचा मध्य मिळतो. त्या मध्यापासून प्रत्येक शॉटचं अंतर काढून त्यांची सरासरी घ्या. ही सरासरी त्रिज्या. एक्सेलमध्ये चार रकान्यांचं काम आहे. पसारा गोल असेल तर १० शॉटचा ग्रुप या त्रिज्येच्या साधारण तिप्पट भरतो, म्हणजे जुन्या सवयीचा आकडा हवा असेल तर ३ ने गुणा. एक्स आणि वायचं प्रमाण विचलन वेगवेगळं काढून ठेवा. तुमच्या उभ्या पसाऱ्याचं निदान त्यातूनच होईल.

कागदावर मारत असाल तर बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजून ५.६ मिमी वजा करू नका. कागदातलं छिद्र गोळीपेक्षा लहान पडतं. बाजूला एकच शॉट मारून त्याचं छिद्र व्हर्नियरने मोजा आणि तेवढं वजा करा.

आणखी एक फसगत. सहाही लॉट हुबेहूब सारखे असले, तरी ४०-४० शॉटनंतर त्यांतला एक पहिला येणारच, आणि तो सरासरीपेक्षा १० टक्के चांगला दिसेल. म्हणून पहिले दोन लॉट बाजूला काढून दुसऱ्या दिवशी नव्या डब्यातून पुन्हा ४० मारा. पहिल्या दिवसाचे आकडे त्यात मिसळू नका. पुन्हा तोच पुढे आला तर घ्या.

तोफखाना_२२
एवढा हिशेब कशाला राव. टेनेक्स घ्यायची, मारायची. जगात भारी गोळी आहे, पैसे उगीच घेत नाहीत.

बालेवाडी_लेन_१२
@तोफखाना_२२ टेनेक्स हे नाव आहे, लॉट नव्हे. एकाच रायफलला टेनेक्सच्या दोन लॉटमध्ये जेवढा फरक पडतो, तेवढा कधी कधी टेनेक्स आणि तिच्या खालच्या प्रतीच्या गोळीत पडत नाही. बॅरलगणिक आवड वेगळी. एली, लापुआ दोघांच्याही टेस्ट रेंज आहेत. तिथे नेमबाज रायफल घेऊन जातात आणि लॉट निवडून आणतात. नुसत्या नावावर भागलं असतं तर कोण गेलं असतं?

उद्यमनगर_फिटर
मोजणीचं सांगून झालंय, मी धरण्याचं सांगतो. सँडबॅगवर तुमचा खांदा, गाल आणि ट्रिगरचा हात हे तिन्ही त्या पसाऱ्यात मिसळतात. जिग करा, म्हणजे रायफल पक्की धरणारा साचा. आपल्याकडं कोल्हापुरात उद्यमनगरात आणि शिरोलीत हे काम सहज होतं. पण एक आकडा डोक्यात ठेवून करा: पुढच्या आणि मागच्या टेकूत ५०० मिमी अंतर असेल तर ५० मीटरवर १०० ने गुणाकार होतो. टेकूत ०.०१ मिमीची ढिलाई म्हणजे टार्गेटवर १ मिमी. वेल्डिंग करून रंग मारलेला अँगलचा स्टँड इथं चालत नाही, कितीही जाड घ्या.

पाया कास्ट आयर्नचा घ्या, ३० किलोच्या आसपास. ओतकाम घेतलं तर मशिनिंगआधी ताण घालवून घ्या, नाहीतर महिन्यात वाकतं. पाया लाकडी बेंचवर नको. काँक्रीटच्या ओट्यात अँकर बोल्ट घालून बसवा. वर दोन ग्राउंड रॉड, त्यावर सरकणारी गाडी, मागे एक पक्का थांबा. रायफल गाडीवर स्टॉकसकट बसते, फोरएंडखालच्या (स्टॉकच्या पुढच्या भागाखालच्या) रेलमध्ये पकड आणि बटखाली दुसरा टेकू. शॉटनंतर गाडी मागे सरकते, हाताने हलकेच पुढे आणून थांब्याला टेकवायची. दर वेळी तेवढ्याच जोराने. इथंच लोक चुकतात, पहिल्यांदा टेकवतात आणि पाचव्यांदा आपटतात.

बॅरलला काहीही टेकू द्यायचं नाही. टेकूला चामडं किंवा डेलरिन (कडक प्लास्टिक). उघडं लोखंड रायफलला नको. जिग झाल्यावर गोळी मारायच्या आधी डायल गेज लावून गाडी वीस वेळा मागं-पुढं करा. काटा ०.०१ च्या आत परत आला पाहिजे, पुढच्या टेकूलाही आणि मागच्याही. येत नसेल तर सँडबॅगच बरी.

आणि रायफल वर्कशॉपमध्ये न्यायची नाही, ठेवायची तर अजिबात नाही. फोरएंडची रुंदी, रेलचं माप आणि बटची उंची घरी घ्या, लाकडाचा तसाच ठोकळा करा आणि तो फिटरकडं द्या.

रंकाळा_प्रोन
दोघांचेही आभार. वाऱ्याचं काय करायचं? आणि क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) मिळू शकतो. नुसता वेगाचा फरक बघून लॉट ठरवला तर चालेल का? निम्मं काम वाचेल.

सबसॉनिक
चालणार नाही, पण क्रोनोग्राफ आणा जरूर.

आधी वारा, कारण ते सोपं आहे. ३३० मी/से च्या गोळीला १ मी/से चा आडवा वारा ५० मीटरवर साधारण ६ मिमी ढकलतो. ५० मीटर टार्गेटवर ०.१ गुण म्हणजे ०.८ मिमी, मध्यापासून ८ मिमीपर्यंत दहाचा टप्पा. म्हणजे गालाला जेमतेम कळेल अशा झुळकीने पाऊण गुण जातो. जिगवर तुम्ही वारा वाचून नेम बदलत नाही, त्यामुळे तो सगळा आडव्यात दिसतो. कोल्हापुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी, ऊन चढायच्या आत, हवा बहुतेक स्थिर असते, टेस्ट तेव्हाच. १० आणि ३० मीटरला वाऱ्याची निशाणं लावा आणि दोन्ही पडलेली असतील तेव्हाच शॉट सोडा. जूननंतरच्या पश्चिमेच्या वाऱ्यात लॉट टेस्टिंग करू नका, गोळ्या वाया जातात.

आता उभा पसारा. गोळीला ५० मीटर जायला ०.१५ सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात ती १२ सेंटिमीटर खाली येते. वेगात १ मी/से फरक पडला की त्या १२ सेंटिमीटरमध्ये सुमारे ०.७ मिमीचा फरक. म्हणजे दर १ मी/से ला जवळजवळ ०.१ गुण. सगळ्यात जलद आणि सगळ्यात मंद गोळीत १० मी/से अंतर असेल तर निव्वळ त्यानेच ७ मिमी उभा पसारा. म्हणून क्रोनोग्राफ उपयोगी.

तरीही तो निर्णय देत नाही याचं कारण बॅरल. शॉटच्या वेळी तोंड स्थिर नसतं, ते वर-खाली होतं. मंद गोळी थोडी उशिरा बाहेर पडते. त्या क्षणी तोंड वर जात असेल तर ती थोडी वरच्या दिशेने सुटते आणि जास्त पडूनही जलद गोळीच्या शेजारी लागते. तोंड खाली येत असेल तर उलटं, फरक वाढतो. म्हणून एखादा लॉट क्रोनोग्राफवर सामान्य आणि टार्गेटवर उत्तम निघतो. बॅरलच्या टोकाचं वजन किंवा ट्यूनर हलवून हीच वेळ जुळवतात. ट्यूनर असेल तर तो एका जागी घट्ट करून मगच लॉट टेस्ट करा. लॉट आणि ट्यूनर एकाच वेळी बदलू नका.

पण तुमची तक्रार वेगळी आहे. सहाही लॉट, तीन कंपन्या, आणि सगळ्यांना उभा पसारा. तेव्हा गोळीवर संशय घेण्याआधी रायफल बघा. जुन्या रायफलवर मी हा क्रम धरते. पहिली फायरिंग पिनची स्प्रिंग. ती थकली की कडेवरचा ठोसा कमी-जास्त होतो, प्रज्वलन एकसारखं होत नाही आणि वेग हलतो. उडालेल्या वीस केस एका ओळीत ठेवून भिंगाखाली पिनचा ठसा बघा: सगळीकडे खोली सारखी, कडा स्वच्छ हवी. उथळ-खोल दिसला तर नवी मूळ स्प्रिंग घाला; कापून किंवा ताणून जुनी वापरू नका. बोल्टमध्ये जुनं घट्ट ग्रीस असेल तर नवी स्प्रिंगही कमी पडते. थंडीच्या सकाळी तर हमखास. पिनला तेलाचा पुसटसा हात पुरे.

दुसरं, ड्राय फायर, म्हणजे गोळी न घालता ट्रिगर ओढणं. प्रॅक्टिस डिव्हाइस न घालता ट्रिगर ओढत राहिलं की काही रायफलींत पिन चेंबरच्या कडेवर आपटून खळगा पाडते. मग केसची कड त्या जागी नीट टेकत नाही. हा खळगा डोळ्याला दिसतो. तो आर्मररचं काम, घरी कानस लावू नका.

तिसरं अ‍ॅक्शनचे, म्हणजे बॅरल-बोल्टचा भाग स्टॉकला धरणारे, स्क्रू. टॉर्क रेंचशिवाय घट्ट केले असतील तर कुणालाच माहीत नाही ते कुठं आहेत. उत्पादकाने दिलेला आकडा घ्या, पुढचा आधी, मग मागचा. हवं तर त्याच्या आतल्या आत अर्ध्या न्यूटन मीटरच्या पायऱ्यांनी बघा, त्याच्या वर जाऊ नका. ग्रुपचे दोन वेगळे पुंजके पडत असतील तर हा स्क्रू किंवा बेडिंग (स्टॉकमधली अ‍ॅक्शनची बैठक). सँडबॅगवर दोन पुंजके आणि जिगवर एकच, असं झालं तर मागच्या साइटमध्ये ढिलाई शोधा, कारण जिगला साइट लागत नाही.

चौथं म्हणजे कार्बनची कडी. .२२ च्या चेंबरपुढे, गोळी जिथे रायफलिंगमध्ये शिरते तिथे, राख आणि मेण मिळून काचेसारखं कडक वेटोळं जमतं. नेहमीच्या फेल्ट पेलेटने (बॅरल पुसायच्या नमद्याच्या बोळ्याने) ते निघत नाही, वरून गुळगुळीत होतं एवढंच. खूण अशी की सात-आठ शॉट एका छिद्रात आणि दोन कारण नसताना बाहेर. कार्बनचं सॉल्व्हंट फक्त त्या भागाला लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोअर गाइड (रॉड सरळ धरणारी नळी) घालून मागून ब्राँझ ब्रशचे थोडे फेरे आणि मग कोरडी फेल्ट. पुढून रॉड घालू नका, क्राउन जाईल. सॉल्व्हंट बेडिंगवर सांडू देऊ नका. यानंतर १५-२० शॉट होईपर्यंत मोजणी नाही.

दुधाळी_नवखा
ताई, वजन आणि रिमचं राहिलं. आणि गोळी उडालीच नाही तर? जिगवर तशी रायफल ठेवून बाजूला व्हायचं का?

सबसॉनिक
@दुधाळी_नवखा मॅचच्या प्रतीच्या गोळ्यांत वजन करण्यात वेळ घालवू नका. गोळी, केस, दारू, प्रायमर सगळं मिळून वजन येतं. साधारण २.६ ग्रॅमच्या शिशाच्या गोळीत आणि केसमध्ये जो फरक असतो तो दारूच्या फरकाला झाकून टाकतो, त्यामुळे वजन सारखं म्हणजे वेग सारखा असं होत नाही. रिमची जाडी स्वस्त, सरावाच्या गोळ्यांना कामी येते. फार वेगळ्या निघालेल्या साईटरना, म्हणजे गुण न मोजल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या शॉटना, ठेवा. चांगल्या लॉटमध्ये हे काम कारखान्यात झालेलं असतं. उलट हाताळून मेण पुसलं जातं ते वेगळंच.

उडाली नाही तर रायफल टार्गेटकडेच, बोल्ट बंद, निदान ३० सेकंद थांबायचं. मग बोल्ट उघडायचा, तोंडापुढे कुणी नाही याची खात्री करूनच. तीच गोळी फिरवून पुन्हा मारायची नाही. ती नोंद करून रेंज अधिकाऱ्याकडे. आवाज फुसका आला आणि टार्गेटवर काही लागलं नाही तर पुढची गोळी अजिबात नाही. आधीची बॅरलमध्ये अडकलेली असू शकते. रायफल रिकामी करून मागून रॉड घालून बघा.

पंचगंगा_प्रोन६०
पावसाळ्याचं कुणी बोललं नाही म्हणून. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की उघडे डबे कपाटात ठेवले तर मेणावर पांढरट थर येतो. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि तो डबा परवान्याच्या अटीप्रमाणे कुलपात. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर दंव धरतं. एप्रिल-मेमध्ये स्कूटीच्या डिकीत किंवा बंद गाडीत तर मुळीच नाही. मेण मऊ होऊन डब्याच्या प्लास्टिकला चिकटतं आणि मग गोळीगणिक मेण वेगळं.

रेंजवर गोळ्या खिशात किंवा मॅटवर ओतू नका. लाकडी ब्लॉकमध्ये उभ्या ठेवा, वर ओला नसलेला रुमाल. खाली पडलेली गोळी पुसून मारायची नाही. मेणाला वाळूचा एक कण चिकटला तरी तो बॅरलमधून घासत जातो.

आणखी एक: शॉट भरून वाऱ्यासाठी मिनिटभर थांबलात तर गरम चेंबरमध्ये काडतूस तापतं आणि तो शॉट वर जातो. टेस्टमध्येही हे होतं. भरल्यापासून सोडेपर्यंतचा वेळ सारखा ठेवा. वारा पाहून झाल्यावर भरा, भरून पाहू नका.

बालेवाडी_लेन_१२
@पंचगंगा_प्रोन६० चेंबरचा मुद्दा महत्त्वाचा, माझ्याकडून राहिला होता.

@रंकाळा_प्रोन, यातून मिळणार किती तेही बघून ठेवा, म्हणजे पैसे कुठं घालायचे ते कळेल. तुमची पकड आणि गोळी यांचा पसारा सरळ बेरजेने वाढत नाही, वर्गांच्या बेरजेने वाढतो. समजा प्रोनमध्ये तुमची स्वतःची सरासरी त्रिज्या ४ मिमी आहे आणि गोळीची ३. मिळून ५. गोळी २.५ ची मिळाली तर मिळून ४.७. वाचले ०.३ मिमी, शॉटमागे ०.०४ च्या आसपास, ६० शॉटला सव्वादोन गुण. डेसिमलवर मोजल्या जाणाऱ्या प्रोनमध्ये हा फरक मोठा आहे.

स्टँडिंगमध्ये (उभं राहून) तुमची त्रिज्या ८ असेल तर तीच सुधारणा ८.५४ वरून ८.३८, म्हणजे २० शॉटला अर्धा गुणही नाही. थ्री पोझिशनची (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) क्वालिफिकेशन पूर्ण गुणांवर असते, तिथं तर तो दिसणारही नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतल्यापासून इकडं थ्री पोझिशनला गर्दी वाढली आहे, आणि नवी मुलं पहिल्याच वर्षी टेनेक्सचा लॉट शोधायला लागतात. त्यांनी तो पैसा जॅकेट आणि ट्रेनिंगवर घालावा.

रंकाळा_प्रोन
ठरलं असं: आधी स्प्रिंग आणि कार्बन, मग स्क्रू, मग टेनेक्सचे तीन. एकच शंका. पहिले दोन लॉट अगदी शेजारी आले, समजा त्रिज्या २.८ आणि ३.०, तर?

बालेवाडी_लेन_१२
४० शॉटनंतर प्रत्येक आकड्यातच ८-९ टक्क्यांचा हेलकावा आहे. २.८ आणि ३.० मध्ये सात टक्के. ते सारखेच समजा आणि ज्याच्या जास्त विटा (डब्यांची मोठी खोकी) मिळतील तो घ्या. वर्षभर एकच लॉट मारायला मिळणं त्या ०.२ पेक्षा जास्त उपयोगाचं आहे, कारण लॉट बदलला की शून्य (साइटची जुळवणी) हलतं आणि मॅचच्या साईटरमध्ये ते शोधत बसावं लागतं. दोन लॉटमध्ये २० टक्क्यांहून जास्त अंतर असेल तरच कमी साठ्याच्या लॉटमागे लागा, आणि तेव्हाही दुसऱ्या दिवसाचे ४० मारून झाल्यावरच.

खरेदी परवान्यावर जेवढी मर्यादा आहे त्यातच बसवायची आहे, तेव्हा सरावाला त्याच कंपनीची खालची प्रत घ्या. मेण एकाच जातीचं असेल तर मॅचच्या आधी बॅरल बसवायला कमी शॉट लागतात. टेस्टसाठी दुसऱ्याच्या लॉटमधले डबे हवे असतील तर परस्पर देणंघेणं नको. क्लबमार्फत करा, परवान्यावरची नोंद आणि क्लबचं रजिस्टर जुळलं पाहिजे.

उद्यमनगर_फिटर
जिगचं ड्रॉइंग हवं असेल तर रेलचं माप आणि पुढच्या-मागच्या टेकूतलं अंतर इथंच टाका. अंतर ५०० च्या वर जाईल तेवढं बरं, ६०० मिळालं तर गुणाकार ८३ वर येतो.